बालीचं वाद्य एकटं का वाजत नाही

माझा एक मित्र बालीहून येताना तिथलं एक वाद्य घेऊन आला. लाकडी नक्षीची चौकट, वर काशाच्या दहा पट्ट्या, खाली बांबूच्या नळ्या. आता ते हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी असतं आणि पाहुणे आले की चहा व्हायच्या आत त्याच्यावर दोन टोले पडतात. आवाज छानच आहे, पण मागे एकदा तोच तक्रार करत होता की तिकडे देवळात ऐकलं ते असं नव्हतं यार, तिकडे हवेत थरथर होती, पोटात जाणवत होती, हे आपलं शाळेच्या घंटेसारखं सरळ टण्ण वाजतं, दुकानदाराने फसवलं वाटतं. मी म्हटलं फसवलं नाहीये, अर्धं दिलंय. म्हणजे दुकानात होतं तेवढंच असणार बिचाऱ्याकडे, पण बालीत हे वाद्य कधी एकटं नसतंच.

हे एवढं एक पकडून ठेवलं ना की तिथलं संगीत, नाच, मुखवटे, ते बारोंग नावाच्या रक्षकाचं आणि रंगदा नावाच्या चेटकिणीचं कधी न संपणारं भांडण, सगळं हळूहळू उलगडायला लागतं. म्हणून तिथूनच सुरू करतो.

मित्राचं वाद्य गामेलानमधलं आहे. गामेलान हे एका वाद्याचं नाव नाही, अख्ख्या संचाचं नाव आहे. बालीत गामेलानचे वीसेक तरी प्रकार आहेत, बांबूचे, लोखंडी पट्ट्यांचे, चार माणसांचे, मिरवणुकीत चालत वाजवायचे, पण आज सगळ्यात जास्त ऐकू येतो तो गोंग कब्यार, साधारण २५ वादकांचा. त्यात पट्ट्यांची वाद्यं म्हणजे गांगसा, त्यातली लहान आणि वरच्या सप्तकातली ती कांतिलान, मग एका लांब चौकटीत ओळीने मांडलेल्या छोट्या भांड्यांसारख्या १२ घंटा म्हणजे रेयोंग (चार जण शेजारी शेजारी बसून एकच वाद्य वाजवतात), झांजांसारखे चेंग-चेंग, दोन ढोल, बासऱ्या, आणि मागे टांगलेले मोठे गोंग. धातू म्हणजे तांबं आणि कथील, अगदी आपलं कासं. क्लुंगकुंग भागातलं तिहिंगान गाव हे गोंग बनवणाऱ्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं.

आता थरथरीचं बघू. संचातली पट्ट्यांची वाद्यं जोडीने बनवतात, आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित खाली लावतात, एक किंचित वर. खालच्याला पंगुंबांग म्हणतात आणि वरच्याला पंगिसप. समजा एकाची पट्टी सेकंदाला ४०० वेळा कंप पावतेय आणि दुसऱ्याची तीच पट्टी ४०७ वेळा. दोन्ही एकदम वाजवल्या तर कानाला दोन स्वर ऐकू येत नाहीत, एकच ऐकू येतो पण तो सेकंदाला सात वेळा मोठा-बारीक मोठा-बारीक होत राहतो. ४०७ वजा ४००, सात, इतकं साधं गणित आहे. या लाटेला तिथे ओंबाक म्हणतात, आणि ओंबाक म्हणजे लाटच. समुद्राची पण तीच.

आपल्याकडे तंबोरा लावताना किंवा तबला जुळवताना हीच लाट नको असते. मी लहानपणी चार वर्षं तबला शिकलो, सगळं लक्ष ती थरथर घालवण्यात, हातोडीने ठोकून ठोकून, सर म्हणायचे अजून लागला नाही, अजून भिंगतोय. आणि इथे लोक नेमकी तीच थरथर मोजून मापून घालतात, खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत लाटेचा वेग साधारण सारखा राहावा म्हणून पट्ट्या तासत बसतात. लाट नसलेला गामेलान त्यांना मेलेला वाटतो. मित्राच्या हॉलमधलं वाद्य त्यामुळेच सरळ वाजतं, त्याच्याशी किंचित न जुळणारा जोडीदारच तिथे नाही.

बरं मग दुसरं विकत आणून जोडी लावू, तर तेही नाही. तिथे आपल्या काळी चार, पांढरी पाच असं काही ठरलेलं नाही. प्रत्येक संच स्वतःच्या सुरात लावलेला असतो. शेजारच्या गावातून एक गांगसा उधार आणून आपल्या संचात बसवला तर तो बेसूर वाजेल, कारण संच म्हणजे एक घर, बाहेरचा भाऊ चालत नाही. स्वर पाच, नावं डिंग, डोंग, डेंग, डुंग, डांग. ही नावं नीट वाचा, व्यंजनं तीच आहेत आणि फक्त मात्रा बदलतेय, म्हणजे चक्क बाराखडी. बाली लिपी आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मीच्या घराण्यातली, आणि स्वरलिपी लिहायची तर त्या मात्रांच्याच खुणा वापरतात. ज्यांना राग कळतात त्यांच्यासाठी सांगतो, गोंग कब्यारचे पाच सूर ढोबळमानाने भूपाल तोडीच्या आसपास जातात, कोमल रे, कोमल ग, पंचम, कोमल ध. हुबेहूब अजिबात नाही, पण पहिल्यांदा ऐकताना हे डोक्यात असेल तर कानाला धरायला काहीतरी मिळतं.

जोडी फक्त सुरात नाही, वाजवण्यातही आहे आणि खरी गंमत तिथे आहे. गामेलान ऐकताना जो भन्नाट वेगाचा, पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज येतो तो एक माणूस वाजवतच नसतो. त्याला कोतेकान म्हणतात. एका माणसाकडे एक अर्धी चाल, तिला पोलोस म्हणायचं, दुसऱ्याकडे उरलेली अर्धी, ती सांसिह. एक जिथे थांबतो तिथे दुसरा वाजवतो. सोपा प्रकार असा समजा की जिन्याच्या तीन पायऱ्या आहेत, पोलोसवाला फक्त खालच्या दोन पायऱ्यांवर नाचणार, सांसिहवाला फक्त वरच्या दोन, मधली पायरी दोघांची सामायिक. दोघं आपापलं तुकड्या तुकड्यांनी वाजवतात आणि ऐकणाऱ्याला मात्र एकच माणूस तीन पायऱ्यांवरून न थांबता भराभर चढउतार करतोय असं वाटतं.

मी उबूदजवळच्या एका गावात तीन दुपार बसून हे शिकायचा प्रयत्न केला. पोलोस जमला, कारण तो मूळ चालीच्या ठोक्याला धरून चालतो. सांसिह दिला आणि माझी पूर्ण वाट लागली. तबल्याचा माणूस असल्याने मी मनात मात्रा मोजत होतो, पण सांसिहचे टोले जवळपास सगळे ठोक्याच्या मध्ये पडतात, म्हणजे तुम्ही कायम पायऱ्यांच्या मधल्या हवेत पाय टाकताय. शेजारचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे न बघता हसत हसत वाजवत होता. त्यात अजून एक भानगड म्हणजे उजव्या हातातल्या लाकडी हातोडीने पट्टीवर टोला मारायचा आणि पुढचा टोला मारताना डाव्या हाताच्या चिमटीने आधीची पट्टी दाबून तिचा आवाज बंद करायचा. नाही केला तर सगळे स्वर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट. म्हणजे उजवा हात पुढच्या स्वरावर आणि डावा कायम एक स्वर मागे. तिसऱ्या दिवशी शिकवणारे काका मला म्हणाले मोजू नको, त्याचं ऐक, आणि त्या मुलाकडे बोट दाखवलं. मग चार-पाच आवर्तनं बरोबर गेली, मी खुश होऊन मोजायला लागलो आणि परत घसरलो.

आवर्तन म्हटलं की आपल्याला सम आठवते. इथे एक मोठा फरक आहे आणि तो न कळल्यामुळे आपले लोक गामेलान ऐकताना गोंधळतात. आपल्याकडे सम ही पहिली मात्रा, तिथून सुरुवात मोजायची. बालीत मोठा गोंग वाजतो तो शेवटच्या ठोक्यावर. सगळं वजन शेवटाकडे कललेलं. मधे छोटे गोंग आपापल्या जागा दाखवतात, कंपली नावाचं एक वाद्य नुसता ठोका धरून बसतं (सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जबाबदारीचं), आणि सगळी चाल त्या शेवटच्या गोंगकडे धावत असते. मोठे गोंगही दोन, थोडा मोठा आणि खोल आवाजाचा तो स्त्री आणि जरा लहान तो पुरुष. ढोलांचंही तसंच, वादोन म्हणजे बाई आणि लानांग म्हणजे पुरुष, आणि दोघं ढोलकीवाले पण एकमेकांच्या मोकळ्या जागा भरत वाजवतात. एकदा ही जोडीची सवय दिसायला लागली की सगळीकडे तीच दिसते.

संचाचा कंडक्टर म्हणून कोणी काठी घेऊन उभा नसतो. ढोलवाला इशारे देतो आणि उगाल नावाचं पट्टीवाद्य वाजवणारा हातोडी उंच करून दाखवतो. पण नाच चालू असेल तर ढोलवाल्याचा पण बॉस असतो, नाचणारी. ती खांदे झटकते किंवा पावलाची लय बदलते, ढोलवाला ते पकडून एक ठराविक बोल वाजवतो, तो ऐकून २५ जण एकदम थांबतात किंवा उसळी घेतात. या झटक्याला आंगसल म्हणतात. बघताना वाटतं की ती संगीतावर किती परफेक्ट नाचतेय. बऱ्याच वेळा उलटं असतं, संगीत तिच्यावर वाजत असतं.

नाचाचं मूळ आहे आगम, म्हणजे उभं राहण्याची ठेवण. गुडघे वाकलेले, कंबर एका बाजूला, पाठीला बाक, कोपर खांद्याच्या रेषेत, बोटं मागे वळलेली आणि थरथरती. ठेवण उजवी असते आणि डावी असते, सरळ मधोमध असं शरीर जवळपास कुठेच दिसत नाही. आणि डोळे! डोळ्यांचा तो झटका, सलेडेट, मान हलकी सरकते आणि बुबुळं एकदम कोपऱ्यात जाऊन परत येतात, गोंगच्या टोल्याला. आपण भरतनाट्यम किंवा कथक बघितलेलं असतं त्यामुळे हाताची प्रत्येक मुद्रा काहीतरी सांगतेय, हे कमळ, हे हरिण, असं शोधायला जातो. बालीत पुजारी पूजेत मुद्रा करतात आणि त्यांना अर्थ असतो, पण नाचातल्या बहुतेक बोटांच्या हालचालींना असा शब्दकोश नाही. तिथे बोटं म्हणजे त्या थरथरत्या सुरांचीच शरीरात उतरलेली लाट, असं मला तरी वाटलं.

शिकवायची पद्धत पण भारी आहे. जुन्या पद्धतीत गुरू समोर उभं राहून करून दाखवत नाहीत, मागे उभे राहतात आणि मुलाची मनगटं धरून त्याचं शरीर कठपुतळीसारखं हलवतात. डोक्याला समजायच्या आधी अंगाला समजतं. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन ही मानववंशशास्त्रज्ञ जोडी १९३६ ते ३८ च्या दरम्यान बालीत होती, त्यांनी याच शिकवण्याचं बारकाईने फोटोंसकट टिपण केलं.

आता थोडा इतिहास, कारण गोंग कब्यार ऐकून हे हजार वर्षांपूर्वीचं असणार असं वाटतं आणि ते तसं नाहीये. जुनं आहे ते गांबुह, जावातल्या मजापहित या जुन्या साम्राज्याच्या दरबारी परंपरेतून आलेलं नृत्यनाट्य, माणसाच्या कमरेएवढ्या लांब बासऱ्या, संथ चाल, बातुआन गावात अजून टिकून आहे. बालीतल्या नाचाच्या बहुतेक वाटा तिथून निघतात असं मानतात. गोंग कब्यार मात्र विसाव्या शतकातलं पोर. उत्तर बालीत, बुलेलेंग भागात, १९१५ च्या सुमारास ही शैली पुढे आली, आणि जागारागा गावातल्या चढाओढीचा उल्लेख त्यात हमखास येतो. कब्यार म्हणजे भडका, एकदम पेटणं. सुरुवातीलाच सगळी वाद्यं एकदम एक प्रचंड आघात करतात, ठोका नाही काही नाही, नुसता स्फोट. जुन्या दरबारी वादनात सगळं शांतपणे उलगडायचं, त्याच्यासमोर हे म्हणजे बैठकीच्या लावणीनंतर एकदम नाशिक ढोल.

पण हे तेव्हाच का झालं? उत्तर बाली १८४९ पासून डचांच्या हातात होतं. दक्षिणेतली राज्यं टिकून होती ती १९०६ आणि १९०८ मध्ये गेली, आणि कशी गेली ते वाचताना अंगावर काटा येतो. बादुंगचे आणि नंतर क्लुंगकुंगचे राजघराण्यातले लोक, बायका-मुलांसकट, पांढरे कपडे घालून तोफा-बंदुकांच्या समोर चालत गेले, शरण जाण्यापेक्षा मरण, त्याला पुपुतान म्हणतात. दरबार संपले तसे दरबारी वाद्यसंच पोसणारं कोणी उरलं नाही. संच गावांकडे आले, विकले गेले, गहाण पडले. आणि मग कब्यारचं वेड लागल्यावर कित्येक गावांनी जुने संच वितळवून त्याच काशाचे नवीन कब्यार संच ओतून घेतले. मला हे दोन्ही बाजूंनी वाटतं, किती सुंदर जुनी वाद्यं गेली याचं वाईट, आणि राजवाड्याचं कासं शेतकऱ्यांच्या मांडवात आलं याचा आनंद.

कारण नवीन मालक होता गाव. बालीत गावाचे भाग असतात, बंजार, आणि प्रत्येक बंजारचा एक उघडा मांडव. वाजवणाऱ्यांचं मंडळ म्हणजे सकाह, मंडळच म्हणू आपण, गणपतीच्या मंडळासारखंच, दिवसा भातशेती किंवा हॉटेलात नोकरी आणि रात्री तालीम, आणि जुन्या मंडळांत तालमीला दांडी मारली तर दंड.

त्या काळातला एक माणूस माहीत असावा, ताबानानचा इ केतुत मार्या, सगळे त्याला मारिओ म्हणत. १९२५ च्या आसपास त्याने कब्यार दुदुक नावाचा नाच बसवला, दुदुक म्हणजे बसलेला. वादक गांगसांचा चौकोन करून बसतात त्याच्या मध्येच हा मांडी घालून, अर्धा उकिडवा, कमरेच्या वरच्या भागाने आणि चेहऱ्याने नाचायचा, आणि त्यात गोष्ट काहीच नाही, फक्त संगीताचे मूड. राग आला, लाजला, ढोलवाल्याशी फ्लर्ट केलं, संपलं. पुरुष की बाई असा प्रश्नही त्या नाचात विरघळून जातो. उत्तरेतला तेरुना जाया पण तसाच, तरुण पुरुषाचा रगेल नाच आणि नाचतात बहुतेक मुली.

१९२८ मध्ये ओडियन आणि बेका या जर्मन कंपन्यांनी बालीत रेकॉर्डिंग केलं, त्या तबकड्या ऐकून कोलिन मॅकफी नावाचा कॅनडात जन्मलेला संगीतकार इतका पागल झाला की थेट बालीला जाऊन राहिला. १९३१ ला पॅरिसच्या वसाहती प्रदर्शनात पेलिआतान गावाचा चमू गेला. १९५२ ला पेलिआतानचा संच परत युरोप-अमेरिका फिरला, त्या दौऱ्यासाठी मारिओने ओलेग तामुलिलिंगान बसवला, फुलाभोवती फिरणाऱ्या दोन भुंग्यांचा नाच. आज बालीच्या जवळपास प्रत्येक टुरिस्ट शोमध्ये तो असतो आणि लोक त्याला प्राचीन म्हणून बघतात.

प्राचीन म्हणून बघितला जाणारा त्याहून मोठा भिडू म्हणजे केचाक. उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताला, पन्नास-शंभर पुरुष काळ्या-पांढऱ्या चौकड्याचं वस्त्र गुंडाळून गोल करून बसतात आणि चाक-चाक-चाक करतात, मधे रामायण चालू, हनुमान आगीतून उड्या मारतो. हा प्रकार १९३० च्या दशकातला. बेदुलू गावचा इ वायान लिंबाक आणि बालीत राहणारा जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. पण हवेतून आलेला नाही, मुळात सांगह्यांग देदारी नावाचा विधी होता, रोगराई आली की लहान मुलींच्या अंगात देदारी यायच्या (देदारी म्हणजे आपली विद्याधरी, शब्द घासून घासून तसा झालाय), आणि तेव्हा पुरुष हे चाक-चाक म्हणायचे. त्यातून मुलींचा विधी बाजूला ठेवून पुरुषांचा आवाज घेतला आणि त्याला रामायण जोडलं.

मला त्यात आवडतं ते वेगळंच. गोंगाट वाटतो तो पण कोतेकानच आहे, फक्त घशातला. आठ मात्रा घ्या आणि त्यात तीन चाक असे टाका की अंतर तीन-तीन-दोन. एक गट हे म्हणणार. दुसरा गट हेच, पण एक मात्रा पुढे सरकवून. तिसरा अजून एक मात्रा पुढे. कागदावर आठ घरं काढून करून बघा, एकही घर रिकामं राहत नाही. एक जण मधे पुंग-पुंग करत ठोका धरतो, म्हणजे कंपलीचं काम तोंडाने. टुरिस्टांसाठी बनलेला म्हणून नाकं मुरडणारे बरेच भेटतात, त्यांनी हे एकदा करून बघावं.

टुरिस्टांसाठी काय आणि देवासाठी काय, हा प्रश्न मात्र बालीत खरंच गंभीरपणे घेतला गेला. हॉटेलं वाढली तशी देवळातले नाच स्टेजवर यायला लागले, तेव्हा १९७१ मध्ये देनपासारला, म्हणजे बालीच्या राजधानीत, जाणकारांची एक परिषद झाली आणि त्यांनी तीन कप्पे केले. वाली म्हणजे पूजेचाच भाग असलेले नाच, बबाली म्हणजे पूजेला जोडून होणारे, आणि बालिह-बालिहान म्हणजे बघण्यासाठीचे. देवळालाही तीन अंगणं असतात, साधारण आतल्या अंगणात पहिला प्रकार, मधल्यात दुसरा, बाहेर तिसरा. युनेस्कोने २०१५ ला बालीचे नऊ नाच यादीत घेतले ते याच तीन कप्प्यांत तीन-तीन करून. आतल्यात रेजांग बघायला मिळाला तर बघा. गावातल्या बायका-मुली, कोणी सराईत नाही, रांगेत संथ पावलं टाकत देवासमोर जातात, स्टेप्स जेमतेम, काही जणींचं चुकतं पण. प्रेक्षकच नसल्यासारखं चाललेलं असतं कारण प्रेक्षक आपण नसतोच.

याचा कळस म्हणजे वायांग लमाह. वायांग ही सावल्यांच्या बाहुल्यांची कला सगळ्यांना माहीत असते, पडदा, दिवा, रात्र. वायांग लमाह दिवसाढवळ्या होतो, पडदा नाही, दिव्याची सावली नाही, दोन फांद्यांच्या मध्ये नुसता एक पांढरा दोरा बांधलेला, आणि दालांग म्हणजे खेळ करणारा आपली महाभारतातली कथा म्हणत बसतो. शेजारी पूजा चालू, बायका नैवेद्य मांडतायत, पोरं पळतायत, कोणीही त्याच्याकडे बघत नाही आणि त्याला त्याचं काही नाही.

तोपेंग हा मुखवट्यांचा खेळ, त्याचा पूजेतला प्रकार एकच माणूस एकामागून एक मुखवटे बदलत एकट्याने करतो. पूर्ण मुखवटा असलेली पात्रं बोलू शकत नाहीत, राजा, म्हातारा, प्रधान, हे सगळे मुके. बोलतात ते अर्ध्या मुखवट्याचे विदूषक. राजाच्या वतीने जुनी कावी भाषाही विदूषकच बोलतो, ती लोकांना कळत नाही म्हणून तोच ती साध्या बाली भाषेत सांगतो आणि सांगता सांगता सरपंचाची पण मजा घेतो. ज्यांनी कोकणात दशावतार बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. शेवटचा मुखवटा येतो सिधाकार्याचा, पांढरा, वेडावाकडा, दात पुढे आलेले. गोष्ट अशी की गेलगेल या बालीतल्या जुन्या राज्याच्या वातुरेंगगोंग राजाने बसाकिहच्या मंदिरात मोठा विधी मांडला, एक ब्राह्मण आला, कपडे मळके म्हणून हाकलून दिला, त्याने शाप दिला आणि विधी बिघडला, मग राजाने माफी मागून परत आणला तेव्हा कार्य पूर्ण झालं. म्हणून हा मुखवटा येऊन पिवळे तांदूळ आणि नाणी उधळल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. सिधाकार्य. सिद्ध कार्य. हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा मी रिक्षात होतो, मोठ्याने हसलो.

असे शब्द पावलोपावली भेटतात. शक संवत्सर पण तेच, बालीचा नववर्षाचा न्येपी, पूर्ण शांततेचा दिवस, कधी कधी आपल्या पाडव्यालाच येतो, २०२३ ला दोन्ही २२ मार्चला होते आणि दोन्हीकडे शके १९४५. आदल्या संध्याकाळी राक्षसांचे मोठे पुतळे आणि झांजांचा कडकडाट, बालेगांजूर नावाचा चालता गामेलान, आणि दुसऱ्या दिवशी विमानतळ सुद्धा बंद.

बारोंग-रंगदाचं राहिलं. बारोंग म्हणजे सिंहासारखा केसाळ रक्षक, आत दोन माणसं, एक पुढचे पाय एक मागचे. परत जोडी. रंगदा म्हणजे विधवा, चालोनारांगच्या कथेतली चेटकीण, लोंबती जीभ, लांब नखं. बारोंगच्या बाजूचे लोक तिच्यावर क्रीस म्हणजे तिथला नागमोडी खंजीर घेऊन धावतात, ती मंतर टाकते, आणि ते अंगात आल्यासारखे तोच खंजीर स्वतःच्या छातीत खुपसतात, बारोंगच्या कृपेने तो शिरत नाही. बातुबुलान गावात रोज सकाळी टुरिस्टांसाठी हे होतं. आणि आपण शेवटाची वाट बघत बसतो, कोण जिंकलं? कोणीच नाही. रंगदा मागे हटते, मरत नाही, आणि तिचा मुखवटा पण देवळातच ठेवतात, पूजा करतात. याला रुआ भिनेदा म्हणतात, रुआ म्हणजे दोन आणि त्या भिनेदात आपलाच भेद लपलाय. केचाकवाल्यांच्या कमरेचं काळं-पांढरं चौकड्याचं कापड, झाडांना आणि मूर्तींना गुंडाळलेलं असतं ते, याचीच खूण. आता पंगुंबांग आणि पंगिसप परत आठवा, एक खाली लावलेलं एक वर, कोणी कोणाला आपल्यासारखं करायला जात नाही, आणि त्यांच्या मधल्या फरकातूनच आवाज जिवंत होतो. मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला म्हणजे माझं वाद्य विधुर आहे. तसंच काहीसं.

जाणार असाल तर एक-दोन गोष्टी. प्रत्येक देवळाचा उत्सव, ओडालान, बहुतेक ठिकाणी २१० दिवसांच्या पंचांगाने येतो, त्यामुळे बेटावर कुठे ना कुठे उत्सव असतोच, हॉटेलच्या माणसाला विचारा, सारोंग आणि कमरेचा पट्टा बांधून जा. जून-जुलैमध्ये गेलात तर देनपासारचा बाली कला महोत्सव महिनाभर चालतो. तो १९७९ ला सुरू केला गव्हर्नर इडा बागुस मांत्रा यांनी, आणि हे गृहस्थ शिकलेले कुठे, तर शांतिनिकेतनात. तिथे गोंग कब्यारची जुगलबंदी लागते, दोन संच समोरासमोर, दोन्हीकडचे समर्थक आरडाओरडा करतायत, आयपीएल मॅचच. पण माझं ऐकाल तर एखाद्या रात्री बंजारच्या मांडवात तालीम चालू असेल तिथे कडेला जाऊन बसा, कोणी हाकलत नाही. फक्त वाद्यावरून पाय टाकून पलीकडे जाऊ नका, वाद्यांचाही सणाचा दिवस असतो, त्यांनाही फुलं आणि नैवेद्य मिळतो. मी तालमीच्या पहिल्याच दिवशी सवयीने एक गांगसा ओलांडायला निघालो होतो, त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाने शर्ट धरून मागे ओढलं.